हाडं, स्नायू आणि चाल: माणसांच्या आणि जनावरांच्या शरीराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. काही जण स्वतःच्या किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दुखण्यानं काळजीत पडलेले असतात, तर काहींच्या गोठ्यात गुरं असतात. दोघांची उत्तरं मुद्दाम एकत्र ठेवली आहेत. बैलाच्या मांडीतला आणि आपल्या मांडीतला स्नायू एकाच रीतीनं काम करतो, त्यामुळे एकाचं समजलं की दुसऱ्याचं निम्मं समजतं. मात्र दुखणं अंगावर काढू नका आणि जनावराचंही लांबवू नका. डॉक्टरांना आणि पशुवैद्यकांना दाखवायचं ते दाखवाच.

स्नायू आखडतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

स्नायूच्या प्रत्येक तंतूत दोन प्रथिनांचे धागे शेजारी शेजारी रचलेले असतात. जाड धागा मायोसिनचा, बारीक ॲक्टिनचा. मज्जातंतूतून निरोप आला की तंतूच्या आतल्या कप्प्यांत साठवलेलं कॅल्शियम सुटतं. त्यामुळे ॲक्टिनवरच्या जागा उघड्या पडतात. मायोसिनची टोकं तिथे पकड घेतात, ओढतात, सोडतात आणि पुढच्या जागी पुन्हा पकडतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली ह्यू हक्सली व जीन हॅन्सन आणि अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के अशा दोन जोड्यांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाच्या एकाच अंकात हे मांडलं. दोन्ही हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते.

या कामाला इंधन लागतं ते एटीपी नावाच्या रेणूचं. ओढण्यासाठी ते लागतं हे सहज पटतं, पण धरलेली पकड सोडवायलाही एटीपीच लागतं. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होतं ते याचमुळे. एटीपी संपतं, टोकं धाग्याला धरून बसतात आणि सोडवणारं काही उरत नाही. पुढे प्रथिनंच मोडू लागली की ताठरपणा जातो.

कॅल्शियमची ही गोष्ट लक्षात ठेवा. गाईच्या प्रश्नात तिचं काम पडणार आहे.

व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे ना?

नाही. जोराच्या व्यायामात लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच शरीरातलं रूप) वाढतं हे खरं, पण थांबल्यावर तासाभरात ते जवळपास पूर्वपदावर येतं. यकृत, हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरून टाकतात. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात असतं.

ते येतं स्नायू ताणला जात असताना त्याला जोर लावावा लागतो तेव्हा. सिंहगड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरण्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी शरीराचा भार तोलून धरत असतो. त्यात तंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून काढताना सूज व ठणका येतो. आठवड्यानं पुन्हा तोच गड उतरलात तर दुखणं बरंच कमी असतं. एवढ्या अवधीत स्नायूनं स्वतःत दुरुस्ती करून घेतलेली असते.

हाडं एकदा वाढली की तशीच राहतात ना?

मुळीच नाही, आणि या पानावरचं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा. हाड जिवंत असतं. त्यात एका जातीच्या पेशी जुनं हाड कुरतडत असतात आणि दुसऱ्या जातीच्या पेशी नवं भरत असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्यानं घडतो. कुठे भरायचं आणि कुठे कुरतडायचं हे मोठ्या प्रमाणात त्या जागी पडणाऱ्या भारावर ठरतं. हाडात गाडलेल्या पेशींना हाड किंचित वाकल्याचं जाणवतं आणि त्या तसा निरोप देतात. भारानुसार हाडाची रचना बदलते हे जर्मन शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये सविस्तर लिहिलं होतं.

पुरावा हवा असेल तर लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांचे हात पाहा. रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. माणूस तोच, आहार तोच, रक्तही तेच. फरक फक्त भाराचा. उलट उदाहरण अंतराळवीरांचं. वजनच नाही अशा ठिकाणी खुब्याच्या भागातलं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटल्याचं दिसलं आहे. म्हणून अंतराळ स्थानकात रोज सुमारे दोन तास व्यायाम ठरलेला असतो. इतका वेळ तिथे कोणी हौसेनं घालवत नाही.

आपल्याकडे हाडं म्हटलं की लगेच कॅल्शियमच्या गोळीवर गाडी येते. कॅल्शियम हवंच, ड जीवनसत्त्वही हवं. पण ते सामान झालं. बांधकाम करा असं पेशींना सांगणारा भार नसेल तर सामान येऊन पडून राहतं. चालणं, जिना चढणं, झेपेल ते वजन उचलणं यांची जागा गोळी घेत नाही.

आठ-पंधरा दिवस अंथरुणात पडून राहिलं तर एवढं काय बिघडतं?

१९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे २० वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं तेव्हा आढळलं, की तीस वर्षांच्या वयानं त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी जास्त केलं होतं. पन्नाशीत आलेल्या या पाच जणांकडून मग सहा महिने व्यायाम करून घेतला. वयानं घटलेली क्षमता भरून आली.

म्हणूनच हल्ली शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला शक्य तितक्या लवकर बसवतात, उभं करतात, चार पावलं चालवतात. नातेवाईक कळवळून म्हणतात, “जरा निजू द्या की त्यांना.” त्यामागची माया समजते. पण म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत अंथरुणातला एकेक जास्तीचा दिवस महाग पडतो. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर उठवा, धरून चालवा.

मग थंडीत महिनोन् महिने झोपणाऱ्या अस्वलाचं काय?

त्याचे स्नायू आणि हाडं फारशी झिजत नाहीत. या काळात अस्वल लघवी करत नाही. लघवीतून जाणारा नत्र त्याचं शरीर परत वापरून प्रथिनं बनवतं, आणि हाड कुरतडण्याचं व भरण्याचं काम दोन्ही मंदावून तोल सांभाळतं. ही किमया आपल्याला येत नाही. वरच्या प्रश्नातल्या तरुणांनी हेच दाखवलं.

गुडघे झिजतील म्हणून चालणं कमी करावं का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि या गैरसमजानं फार लोकांचं नुकसान केलं आहे.

गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचं अस्तर असतं. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून. पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते आणि द्रव बाहेर जातो, पाऊल उचललं की ती फुगते आणि ताजा द्रव आत येतो. चालणंच बंद केलं तर कूर्चेचं पोषण मंदावतं. शिवाय मांडीचा स्नायू अशक्त होतो, आणि पाऊल टेकतानाचा हिसका तो स्नायू झेलेनासा झाला की सगळा सांध्यावर येतो.

दुखरा गुडघा असणाऱ्यानं काय करावं? मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत, सपाटीवर चालावं, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवावं. वजनाचा हिशेब मोठा आहे. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल व्यक्तींच्या अभ्यासात एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो असं दिसलं. हजारो पावलांत त्याचं काय होत असेल ते बघा.

सुजून गरम झालेला, अडकणारा किंवा अचानक दगा देणारा गुडघा ही वेगळी गोष्ट आहे. तो आधी दाखवावा.

गाईच्या मागच्या पायाचा गुडघा उलटा कसा?

तो गुडघा नाहीच, ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. गाय दोन बोटांच्या टोकांवर उभी असते, घोडा तर एकाच, मधल्या बोटावर. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. पाय असा लांब झाला, आणि जड स्नायू वर धडाजवळ राहून खाली नुसते कंडरे (स्नायूला हाडाशी बांधणारे दोर) उरले, की पाय पुढे-मागे हलवायला कमी ताकद लागते. पळणाऱ्या प्राण्यांचे पाय खाली काटकुळे दिसतात ते म्हणूनच.

घोडा उभ्यानं झोपतो तेव्हा त्याचे पाय थकत नाहीत का?

त्याच्या पायांत कंडरे आणि अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे) यांची अशी जोडणी आहे की सांधे जवळपास कुलूपबंद होतात. मागच्या पायात गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकवून ठेवता येते. त्यामुळे स्नायूंना फार काम पडत नाही. पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं पडूनच लागते, कारण त्या झोपेत स्नायू पूर्ण सैल पडतात. तबेल्यात आडवं व्हायला जागा नसेल किंवा घोड्याला तिथे सुरक्षित वाटत नसेल तर ही झोप त्याला मिळत नाही.

घोडा चालता चालता दुडकी का धरतो, आणि पुढे चौखूर का सुटतो?

खर्च वाचवायला. हॉइट आणि टेलर या शास्त्रज्ञांनी घोड्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवून त्यांचा प्राणवायू मोजला आणि १९८१ मध्ये निष्कर्ष छापला. प्रत्येक चालीचा एक स्वस्त वेग असतो, त्याहून हळू किंवा जलद गेलं की तेवढ्याच अंतराला जास्त इंधन लागतं. मोकळा सोडलेला घोडा आपणहून त्या स्वस्त वेगांच्या आसपास राहतो. आपणही तेच करतो. भराभर चालताना एका टप्प्यावर पळणंच सोपं वाटू लागतं.

चौखूर धावताना चारही पाय एका क्षणी हवेत असतात का, हा वाद एके काळी जोरात होता. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिज यांनी ओळीनं कॅमेरे लावून तो मिटवला. पाय हवेत असतात, पण पोटाखाली गोळा झालेले असतात. जुन्या चित्रांत ते पुढे-मागे फाकलेले दाखवत, ते चूक होतं.

घोड्याची आणखी एक खुबी. त्याच्या प्लीहेत (पाणथरीत) रक्तातल्या तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. धावायला लागताच प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात येतो, म्हणजे प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काही क्षणांत वाढते. विश्रांतीत मिनिटाला ३०-४० पडणारे हृदयाचे ठोके शर्यतीत २२० च्या वर जातात.

जनावरांपुढे माणूस इतका हळू. मग आपलं शरीर कशात सरस?

उन्हात, लांब पल्ल्याला. आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत आणि अंगावर दाट केस नाहीत, म्हणून धावता धावता शरीर थंड ठेवता येतं. कुत्र्याला धापेवर भागवावं लागतं आणि चौखूर पळताना धाप नीट टाकता येत नाही. कारण त्या चालीत श्वास पावलांच्या तालाशी बांधला जातो. २००४ मध्ये ब्रॅम्बल आणि लीबरमन या संशोधकांनी असं मांडलं की माणसाची लांब कंडरे, मोठे नितंबस्नायू आणि घाम ही लांब धावण्यासाठी झालेली घडण आहे. सगळे तज्ज्ञ ते मानत नाहीत, पण मला ते बरंचसं पटतं.

म्हशीची अडचण नेमकी उलटी. काळं कातडं ऊन शोषतं आणि घर्मग्रंथी थोड्या. तिला डुंबायला पाणी हवं ते शरीर थंड ठेवण्यासाठी. डोह नसेल तर सावली आणि अंगावर पाणी तरी द्या.

गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी उठेचना. पाय मोडला की काय?

बहुतेक वेळा पाय धड असतो. जास्त दूध देणारी, तिसऱ्या किंवा पुढच्या वेताची गाय व्याल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत बसली, मान वळवून पोटाशी टेकवली, कान गार पडले, तर दुग्धज्वराचा संशय घ्या. याला ज्वर म्हणतात खरं, पण अंग बहुधा गारच लागतं. चिकासाठी कासेकडे एकदम इतकं कॅल्शियम ओढलं जातं की रक्तातलं कमी पडतं. कॅल्शियम नाही तर मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही आणि आतली पकडही लागत नाही. पाय शाबूत असून गाय उभी राहू शकत नाही. पोटाचे स्नायू मंदावतात म्हणून ती फुगते. उशीर झाला तर हृदय थांबतं.

पशुवैद्यक शिरेतून कॅल्शियम देतात आणि पुष्कळदा गाय थोड्याच वेळात उठून उभी राहते. बाटली लावणं सोपं दिसतं म्हणून ते स्वतः करू नका. कॅल्शियम भरभर गेलं तर हृदय तिथेच बंद पडू शकतं, म्हणून ते छातीला कान देऊन, अगदी सावकाश देतात. तोपर्यंत गाईला आडवी पडू देऊ नका. पोत्यांचा टेका लावून छातीवर बसती ठेवा आणि तोंडानं काही पाजू नका, घशाचे स्नायू सैल असल्यानं ते फुप्फुसात जातं.

पुढच्या वेताला हे टाळायचं तर एक गोष्ट उलटी वाटेल. गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यांत कॅल्शियमचा मारा करू नये. आयतं मिळत गेलं की हाडांतून कॅल्शियम काढून देणारी संप्रेरकं सुस्तावतात आणि ऐन गरजेच्या वेळी जागी होत नाहीत. त्या काळातला चारा आणि क्षारमिश्रण पशुवैद्यकांना विचारूनच ठरवा.

बैल लंगडतोय, आधी काय पाहावं?

चालवून डोक्याकडे पाहा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना बैल डोकं वर उचलतो. मग खूर धुऊन बघा: खडा, काटा, सैल पत्री, बेचक्यातली जखम. तोंडातून लाळ गळत असेल आणि खुरांच्या बेचक्यात फोड असतील तर लाळ्या-खुरकूत, बाकीच्या जनावरांपासून लगेच वेगळा बांधा. तरुण, धष्टपुष्ट जनावराच्या फऱ्यावर अचानक सूज आली, ती दाबल्यावर चरचरली आणि अंगात ताप असेल तर तो फऱ्या रोग, त्यात तासातासाला महत्त्व आहे. दोन्हींवर लस मिळते. एकदम भरपूर धान्य खाल्लेलं जनावरही पायांना जड होतं, कारण पोटातली आम्लता खुराच्या आतल्या थरापर्यंत जाऊन बाधते.

खांद्याकडेही लक्ष द्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हळद-लोण्यानं खांदेमळणी करतो, पण जू घासून खांदेसूज येते ती हंगामभर. त्या काळात रोज हात फिरवून खांदा गरम लागतो का ते पाहावं आणि सुजला असेल तर बैल जुंपू नये.

अंगानं बारीक असूनही मधुमेह कसा होतो?

पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, म्हणजे बीएमआय निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे काटा कमी दाखवतो तेव्हाही आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात.

स्नायू कमी असणं इथे का नडतं? जेवणानंतर इन्सुलिन सुटतं तेव्हा रक्तातली सर्वांत जास्त साखर स्नायू घेतात. साखर आत घेणारी दारं तंतूच्या पृष्ठभागावर आणायला एरवी इन्सुलिन लागतं, पण स्नायू आखडला की ती इन्सुलिनशिवायही वर येतात. ज्याच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही त्याच्यासाठी ही फार मोलाची वाट आहे. जेवून लगेच आडवं होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं फेरी मारली तर साखरेची उसळी कमी होते. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासानं २०२३ मध्ये दिला, आणि हा उपाय त्यातल्या बहुतेकांना फुकट करता येण्यासारखा आहे. साखर उतरवणारी औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला.

रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का?

नाही. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रापासून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंना जोर देणारे व्यायाम सांगते. दुसरा भाग आपल्याकडे बहुतेक जण सोडून देतात.

बैठं काम आहे. त्यानं खरंच हृदयावर परिणाम होतो?

लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांवरचा संशोधक जेरी मॉरिस यांचा १९५३ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता. मॉरिस यांनी पुढे गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कमरेनं रुंद असत असंही निघालं, म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता. त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी मूळ मुद्दा मात्र पक्का केला. पोटरीचे स्नायू आखडतात तेव्हा पायांतलं रक्त शिरांमधल्या झडपांतून वर ढकललं जातं. तासन् तास बसलं की हे थांबतं, म्हणून अधूनमधून उठा.

सत्तरी-ऐंशीनंतर व्यायामाचा काही उपयोग होतो का?

होतो. बॉस्टनमध्ये सरासरी नव्वद वर्षांच्या, वृद्धाश्रमातल्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. १९९० मध्ये छापलेल्या निकालांनुसार ज्यांनी तो क्रम पूर्ण केला त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. घरी सुरुवात खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्यानं करता येते, शेजारी कोणीतरी उभं असावं. सोबत डाळ, दूध, अंडी असं प्रथिनांचं खाणं हवं. चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या आजी-आजोबांचे स्नायू व्यायामानंही भरत नाहीत.

पायी वारीला जायचं आहे, तयारी कधीपासून करावी?

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. फुप्फुसं आणि हृदय काही आठवड्यांत तयार होतात, कंडरे आणि हाडं सावकाश. त्यामुळे दम टिकतो पण टाच आणि नडगी धरते असं होतं. निदान दोन-तीन महिने आधी चालायला लागा, अंतर हळूहळू वाढवा, आणि ज्या चपला-बूट घालून जाणार तेच घालून चाला. नवी जोडी प्रस्थानाच्या दिवशी काढू नका. ओल्या मोज्यांनी फोड येतात, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर पाय धुऊन पूर्ण कोरडे करा. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे डोळ्यांनी पाहा किंवा कोणाला तरी पाहायला सांगा, कारण बधिर पायाला जखम झाल्याचं समजत नाही. एका पोटरीतच सूज आणि दुखणं आलं, छातीत दडपण वाटलं किंवा उन्हात घाम थांबून भान हरपू लागलं तर दिंडी पुढे जाऊ द्या आणि जवळच्या वैद्यकीय पथकाकडे जा.